कॅश पेशंट

“कैश है या मेडिक्लेम?”

रात्रीचे साडेतीन वाजलेले. बाबांना स्ट्रेचरवरून आत नेलेलं, माझ्या हातात रुमालात गुंडाळलेली त्यांची कवळी, आणि काउंटरवरच्या मुलाचा हा पहिला प्रश्न. नाव, वय, पत्ता नंतर. मी म्हटलं, कॅश. त्याने फाइलीच्या कोपऱ्यात तेवढा एक शब्द पेनने लिहिला, आणि पुढचे पाच दिवस त्या हॉस्पिटलात आमची ओळख तीच राहिली. सिस्टर ड्यूटी बदलताना एकमेकींना सांगायच्या, “सात नंबर कैश है।” पैसे खरं तर मोबाइलवरून गेले, बँकेतून गेले, नोटा थोड्याच. पण ज्याच्या मागे विमा कंपनी नाही तो कॅश.

मी इंदूरला सियागंजात एका आडत्याकडे हिशेब लिहितो. मिरची, धणे, जिरं, हळद. बावीस वर्षं झाली. दुकानात सेठजी धरून सात माणसं, म्हणजे ईएसआय, कामगारांचा सरकारी विमा, लागू होण्याइतकी नाहीत. बाबा मिलमध्ये होते. मिल चालू होती तोवर आम्हाला नंदानगरचं बीमा हॉस्पिटल होतं. माझे टॉन्सिल तिथेच काढले, एक पैसा लागला नव्हता. 1991 च्या डिसेंबरात मिलला कुलूप लागलं आणि त्याबरोबर तेही संपलं. नंतर आमच्या घरात विमा हा विषय दोनदा निघाला. दुसऱ्यांदा निघाला तेव्हा एजंटाने आई-बाबांचा मिळून वर्षाला एकेचाळीस हजार हप्ता सांगितला, आणि बाबांना आधीपासून साखर असल्यामुळे त्यासंबंधीच्या आजारांना पहिली तीन वर्षं काही मिळणार नाही असंही सांगितलं. मी म्हटलं, दिवाळीनंतर बघू. ती दिवाळी दोन वर्षांपूर्वीची. बाबांना अटॅक आला तो ऑक्टोबर 2025 मध्ये, पुन्हा दिवाळीच्याच आठ दिवस आधी.

त्या रात्री काय झालं ते थोडक्यात सांगतो. ईसीजी काढला, डॉक्टर म्हणाले नळी बंद आहे, लगेच अँजिओप्लास्टी करायची, जितका उशीर तितकं हृदयाचं नुकसान. एम.वाय. या मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या शेजारी सरकारी सुपर स्पेशालिटी आहे, तिथेही हे काम होतं, हे मला माहीत होतं. मनात आलंही. पण स्ट्रेचरवरचा माणूस घामाने भिजलेला असताना त्याला पुन्हा गाडीत घालून शहरभर फिरवायची हिंमत मला झाली नाही, आणि ती झाली नाही याचं मला आजही वाईट वाटत नाही. पन्नास हजार डिपॉझिट मागितलं. माझ्या खात्यात होते त्यातले वीस टाकले, तीस भाऊजींनी देवासहून फोनवरच पाठवले. चार ठिकाणी सह्या केल्या. “कितना लगेगा?” एवढं विचारलं, उत्तर आलं, “दो-ढाई मान के चलो।”

आणि मी ते मान के चाललो.

हे मला अजून खटकतं. दुकानात क्विंटलमागे पाच रुपयांसाठी मी दलालाशी अर्धा अर्धा तास घासाघीस करतो. गुंटूरची मिरची आली की पोत्यात हात घालून, तळातली मूठ वर काढून, देठ मोजून भाव बोलतो. आणि इथे अडीच लाखांच्या मालाला मी काय काय, किती किती, एवढंही विचारलं नाही. विचारायला गेलं की वाटायचं, आपण बापाची किंमत करतोय. काउंटरवरच्या मुलालाही तसंच वाटेल, असंही वाटायचं. त्याला काहीच वाटत नव्हतं, हे दोन दिवसांनी कळलं. भीड माझी होती.

सकाळी सहापर्यंत स्टेंट बसला. सात वाजता काचेतून बाबा दिसले, झोपलेले, कवळीविना गाल आत गेलेले. दहा वाजता एक बाई मला शोधत आल्या. गळ्यात कार्ड, हातात छापील कागद. सीसीयूतून, म्हणजे हृदयाच्या अतिदक्षता विभागातून, बाहेर काढल्यावर रूम कुठली पाहिजे? जनरल 1,800, सेमी प्रायव्हेट 3,200, प्रायव्हेट 5,500 आणि त्यावर जीएसटी. पाच हजारांच्या वरच्या रूमला पाच टक्के जीएसटी लागतो, 2022 च्या जुलैपासून. माझ्या तोंडून सेमी प्रायव्हेट निघून गेलं. आईला रात्री आडवं तरी होता येईल, हा विचार. दिवसाला चौदाशेचा फरक, दोन दिवसांचे अठ्ठावीसशे, चालेल.

तेवढ्यात शेजारच्या बाकावर बसलेला एक तरुण मला म्हणाला, “भाई साब, सिर्फ कमरे का फर्क मत जोड़ो।” तो खातेगावकडचा शेतकरी, त्याचे वडील आठ नंबरच्या कॉटवर, आमच्या बाबांच्या शेजारी, तीन दिवस आधीपासून. त्याने मला जे सांगितलं ते त्या कागदाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलंही होतं: रूमचा वर्ग बदलला की डॉक्टरांच्या व्हिजिटचा दर बदलतो, नर्सिंगचा बदलतो, काही तपासण्यांचाही बदलतो. तेच डॉक्टर, तोच ईसीजी, कॉट कुठल्या खोलीत आहे यावर भाव. जनरलमध्ये व्हिजिट 700, सेमीमध्ये 1,200. मी त्या बाईंमागे धावत जाऊन जनरल लिहून आलो. आई पुढच्या दोन रात्री स्टुलावर बसून राहिली, पण मला काही बोलली नाही.

आता पैशांचं. गंमत अशी, की घरात पैसे होते. मिलची देणी कामगारांना 2023 च्या डिसेंबरात मिळाली, मिल बंद पडल्यावर बत्तीस वर्षांनी. बाबांच्या वाट्याला आले त्यातले साडेतीन लाख त्यांनी मुदत ठेवीत टाकले आणि पावती गणपतीच्या फोटोमागे ठेवली. ती पावती घेऊन मी दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो. खातं बाबांच्या एकट्याच्या नावावर. नॉमिनी आई. मॅनेजर सभ्य माणूस, त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि समजावून सांगितलं की नॉमिनीचा हक्क माणूस गेल्यावर येतो, आजारी असताना नाही. सही बाबांचीच पाहिजे. दोघांचं नाव घालून ‘दोघांपैकी कोणीही’ असं लिहून ठेवलं असतं आणि मुदतीआधी मोडायची मुभाही त्याच प्रकारे दिली असती, तर आईच्या सहीने काम झालं असतं. बाबा सीसीयूत, हाताला दोन सुया. त्यांना कागद दाखवून सही घ्यायची म्हणजे बिल किती झालं तेही सांगायचं, आणि डॉक्टरांनी तर बजावलेलं, ताण नको.

मी हिशेबाचा माणूस आणि माझ्या घरात ठेव अशी एका नावावर पडलेली. बाहेर येऊन स्कूटरवर बसून राहिलो पाच मिनिटं.

आईने विचारलं नाही, नुसती माझ्या तोंडाकडे बघितली आणि उठून हॉस्पिटलच्या बाथरूममध्ये गेली. परत आली तेव्हा मनगटं ओली होती, साबणाचा फेस कोपरापर्यंत, आणि पाटल्या पदरात. डाव्या हाताची निघताना कातडं सोललं होतं. “सराफ्यात नको जाऊस,” एवढंच म्हणाली. सराफ्यातला ओळखीचा दोन टक्के महिना सांगतो, म्हणजे वर्षाला चोवीस. बँकेत साधारण नऊ टक्के वर्षाला. पण बँकेचा पारखी बाराच्या आधी येत नाही. तो आला, कसोटीवर रेघ ओढली, थेंब टाकला, काट्यावर ठेवल्या, एका पाटलीत लाख भरलेली म्हणून तिचं वजन कापलं. सोन्याच्या किमतीच्या पंच्याहत्तर टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येत होतं, हा रिझर्व्ह बँकेचा तेव्हाचा नियम. मी एक लाख दहा हजार घेतले. सोनं तेव्हा इतकं चढलेलं होतं की पारखी म्हणाला, “माताजी के कंगन ने आज बड़ा काम किया।” त्याला बांगड्या आणि पाटल्यांतला फरक सांगायच्या मनःस्थितीत मी नव्हतो.

सेठजींनी चाळीस हजार उचल दिली, पगारातून दरमहा दोन हजार कापून. ताईने पंधरा दिले.

लोक सल्ले देतात, आणि त्यांतले काही खरेही असतात. आयुष्मान कार्डाचं सगळ्यांनी सांगितलं. आमचं नाव त्या यादीत नाही, पण 2024 च्या ऑक्टोबरच्या शेवटापासून सत्तर किंवा त्याहून जास्त वयाच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंतचा इलाज त्यात मिळतो. हॉस्पिटलातच आयुष्मानचं टेबल होतं. तिथल्या मुलाने बाबांचा आधार नंबर टाकला आणि म्हणाला, “अंकल तो अभी उनहत्तर के हैं। एक जनवरी को सत्तर होंगे।” बाबा खरे एकाहत्तरचे. आजोबांनी शाळेत घालताना मास्तरांनी वय दोन वर्षं कमी लावलं, म्हणजे नोकरी दोन वर्षं जास्त मिळेल. ज्या नोकरीसाठी ही दोन वर्षं वाचवली ती छत्तिसाव्या-सदतिसाव्या वर्षीच गेली, आणि वाचवलेली वर्षं इथे आडवी आली. आधारवरचं वय तेच धरतात. अडीच महिने कमी पडले. कुणी मुख्यमंत्री स्वेच्छानुदानाचं सांगितलं. त्याला हॉस्पिटलच्या लेटरहेडवर खर्चाचा अंदाज लागतो, आमदारांचं पत्र लागतं, मंजूर झालेले पैसे थेट हॉस्पिटलच्या खात्यात जातात. मोठं ऑपरेशन महिनाभर पुढचं असेल तर जरूर करावं. आमचं ऑपरेशन आधीच होऊन गेलेलं.

तिसऱ्या दिवसापासून मी वेगळा वागलो. काय झालं माहीत नाही. बहुतेक बाबा “चहा मिळेल का” म्हणाले आणि माझी भीती थोडी उतरली. त्या संध्याकाळी बिलिंगला जाऊन म्हटलं, आजपर्यंतचं बिल द्या, एकूण नाही, कलमवार. मुलाने निमूटपणे प्रिंट काढून दिली. एवढंच होतं ते. त्यांच्या संगणकात रनिंग बिल कायम तयार असतं. मागणारे मागतात, बाकीच्यांना शेवटच्या दिवशी मिळतं. कलमवार बिल मागणं हा रुग्णाचा हक्कही आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2018 मध्ये सतरा हक्कांची सनद तयार केली, त्यात आहे. औषधं कुठूनही घेण्याचा हक्कही त्याच सनदेत, आणि बिल थकलं म्हणून रुग्णाला अडवून ठेवायचं नाही, हेही त्यात. मी ती सनद कुणाला दाखवली नाही. माहीत होती म्हणून आवाज कापत नव्हता, इतकाच तिचा उपयोग झाला.

जिन्यावर बसून लाल पेन्सिल घेतली. सात पानं होती, शेवटी अकरा झाली.

स्टेंटची ओळ वेगळी होती, कंपनीचं नाव, बॅच नंबर, सगळं. फाइलमध्ये त्याच्या खोक्यावरचा स्टिकरही चिकटवलेला. स्टेंटच्या किमतीला 2017 च्या फेब्रुवारीपासून सरकारने कमाल मर्यादा घातली आहे. तेव्हा औषध लावलेल्या स्टेंटला 29,600 होती, पुढे महागाईच्या हिशेबाने बदलत गेली. आमचा एकोणचाळीस हजारांच्या आत होता, बरोबर होता, वर कर. पण त्याच्या खालच्या ओळी वाचल्या तेव्हा धंद्यातला माणूस जागा झाला. फुगा, तार, कॅथेटर, म्यान, म्हणजे स्टेंट बसवायला लागणारं सामान. यांना तशी मर्यादा ठरवलेली नाही. त्यांच्यावर छापील एमआरपी असते आणि बिल त्या एमआरपीने लागतं. छापील भाव आणि खरेदीचा भाव यांत किती अंतर असू शकतं हे सियागंजात बसणाऱ्याला कुणी शिकवायला नको. पण ते सगळं नियमातच होतं. त्यावर लाल रेघ मारता येत नव्हती.

औषधांची पानं चार. ग्लोव्ह्जच्या शेहेचाळीस जोड्या बघून मी सिस्टरकडे गेलो, जरा तोऱ्यातच. तिने न रागावता बोटांवर मोजून दाखवलं: सुई, कॅथेटर, ड्रेसिंग, अंग पुसणं, दर वेळी नवी जोडी, तीन शिफ्ट. हिशेब जुळला. मी माफी मागितली. सगळंच खोटं असतं या तयारीने बिल वाचायला बसलं की खरी चूक निसटते, हे मला माझ्या धंद्यातही ठाऊक आहे.

खऱ्या चुका अशा निघाल्या. तिसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांच्या व्हिजिट दोनच्या जागी तीन. त्यातली एक सीसीयूच्या दराने, 1,200. नेब्युलायझर चार वेळा, 250 प्रमाणे हजार. बाबांना दम्याचा त्रास नाही, मशीन लावलंच नव्हतं. ते आठ नंबरला लागायचं. त्याचा घुर्रर्र आवाज मी काचेबाहेरून ऐकलेला. आणि सगळ्यांत मोठी रक्कम परत केलेल्या औषधांची. सीसीयूत रोज सकाळी पेटी भरून औषधं मागवतात, वापरली नाहीत ती मेडिकलला परत जातात. परत गेल्याची सिस्टरच्या वहीत नोंद होती, सहीसकट. बिलात जमा कुठेच नव्हती. 6,380 रुपये. आमच्या भाषेत सांगायचं तर माल परत, क्रेडिट नोट बाकी.

पोटात टोचायचं रक्त पातळ करणारं इंजेक्शन मी चौथ्या दिवशी दवा बाजारातून आणलं. आधी “बाहर का नहीं चलेगा” झालं. मी म्हटलं, तसं लिहून द्या. लिहून कुणी देत नाही. वरून सांगून आलं की पक्कं बिल पाहिजे, बॅच नंबर जुळला पाहिजे आणि आइस पॅकमध्ये आणा. आइस पॅकची गरज होती की नाही ते देव जाणे, पण मी आणलं, टिफिनच्या डब्यात. निम्म्याहून कमी पैसे लागले. फरक मात्र एकूण बिलाच्या मानाने किरकोळ, कारण मुख्य खर्च पहिल्याच रात्री होऊन गेलेला. सात वाजेपर्यंत.

त्याच दिवशी बिलिंगच्या रांगेत खातेगावचा तो तरुण माझ्यापुढे होता. त्याच्या वडिलांना सुट्टी मिळालेली. काखेत कापडी पिशवी, नुकत्याच विकलेल्या सोयाबीनचे पैसे. बिल दोन लाख नव्वद हजारांच्या पुढे. त्याने पिशवी काउंटरवर ठेवली आणि मुलगा म्हणाला, रोख दोन लाख किंवा त्यापेक्षा जास्त घेता येत नाही. आयकराचा नियम आहे, 2017 च्या एप्रिलपासूनचा. तो म्हणाला, आधे आज, आधे कल? तेही नाही, एकाच कामाचे पैसे तुकडे करून दिले तरी एकत्रच धरतात. बिचारा पैसे घेऊन आला होता आणि देता येत नव्हते. शेवटी दोन लाखांच्या आतले रोख भरून बाकीचे त्याने जवळच्या बँकेत खात्यात टाकले आणि तिथून पाठवले. दोन तास गेले. मी त्याचं सामान सांभाळत बसलो. जाताना त्याने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, “कमरे वाली बात याद रखना।”

आमचं शेवटचं बिल पाचव्या दिवशी दुपारी आलं: 2,68,450. मी माझा कागद पुढे केला. व्हिजिट, नेब्युलायझर आणि परत औषधं मुलाने वहीशी ताडून पाहिली आणि कमी केली. दहा मिनिटांचं काम. मग मी सुट्टीच्या दिवसाचं बेडभाडं काढलं: डॉक्टरांनी सकाळी नऊला सुट्टी लिहिली, बिल तयार व्हायला तीन वाजले, तो उशीर तुमचा, 1,800 कशाचे? तो आत जाऊन आला. तेही गेले. सगळे मिळून 10,380.

“और डिस्काउंट?” मी विचारलं. पहिल्या रात्री जिभेवर न आलेला शब्द.

“वो हमारे हाथ में नहीं। डॉक्टर साब लिख दें तो उनकी फीस में से।”

डॉक्टर ओपीडीत होते. तासभर बाहेर बसलो. आत गेल्यावर फाइल पुढे केली आणि सरळ सांगितलं, विमा नाही, पगार अमुक, आईचं सोनं ठेवलंय. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “पहले दिन क्यों नहीं बोले? पैकेज में डलवा देता।” रोज अशा कित्येक अँजिओप्लास्टी होतात म्हणून ठरावीक दिवसांचा, ठरावीक औषधांचा एकच आकडा त्यांच्याकडे असतो, रात्रीच्या इमर्जन्सीत आलेल्याला आपोआप सुटं बिल लागतं, कुणी बोलल्याशिवाय बदलत नाही. त्यांनी चिठ्ठीवर वीस हजार लिहिले, सही केली, पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली. मला रडू येईल असं वाटलं. आलं नाही.

2,38,070. मुलाने स्वतःहून सत्तर रुपये उडवले, “राउंड कर देते हैं।” पन्नास भरलेले होते. पाटल्यांचे एक लाख दहा, सेठजींचे चाळीस, ताईचे पंधरा, माझ्या खात्यात उरलेले तेवीस. पगार यायला अजून सतरा दिवस होते.

घरी आल्यावर आठवडाभर बाबांना काही सांगायचं नाही, असं ठरवलं होतं. आईने हातात काचेच्या बांगड्या भरल्या होत्या, दिवाळीच्या म्हणून. बाबांनी तिसऱ्याच दिवशी विचारलं, “पाटल्या कितीला ठेवल्या?” मग लपवण्यात अर्थ नव्हता. भाऊबीज झाल्यावर मला स्कूटर काढायला लावून स्वतः बँकेत आले, ठेव मोडली, मुदतीआधी मोडल्याबद्दल एक टक्का व्याज कमी मिळालं, पाटल्या सोडवल्या, सेठजींची उचल फेडली. उरलेले पुन्हा ठेवले, या वेळी दोघांच्या नावावर. मिलने दिलेले मिलच्या माणसावर गेले, असं काहीतरी पुटपुटले. ज्याच्या आईवडिलांचं वय साठच्या पुढे आहे आणि विमा नाही, त्याला जुन्या पद्धतीच्या आयकरात औषधपाण्याच्या खर्चाची पन्नास हजारांपर्यंत वजावट मिळते, पैसे रोखीने दिलेले नसले तर. मी ती इतरांना भरून देतो. माझ्या स्वतःच्या पगारावर करच बसत नाही, तेव्हा मला तिचा उपयोग शून्य. जानेवारीच्या दुसऱ्या तारखेला बाबांचं आयुष्मान कार्ड काढलं. फोटोसाठी डोळे मिचकावायला सांगितले तर ते तीनदा दोन्ही हातांनी चष्मा काढून बसले.

हॉस्पिटलची फाइल त्यांनी त्या बँकेच्या दिवशीच मागून घेतली होती. संध्याकाळी ओट्यावर खुर्ची टाकून, कवळी नीट बसवून, अकराच्या अकरा पानं वाचली. मिलमध्ये हजेरीपट वाचायचे तशी, ओळीवर बोट ठेवून. माझ्या लाल खुणांवर थांबत होते. मला जरा बरं वाटत होतं, शाबासकीची वाट बघत होतो म्हटलं तरी चालेल. नेब्युलायझरच्या ओळीवर बोट थांबलं.

“हे माझं नव्हतं?”

“नाही. ते आठ नंबरचं. खातेगावच्या आजोबांचं. मी काढून टाकायला लावलं.”

“मग ते त्यांच्या बिलात चढवलं का?”

त्यांना आदल्याच दिवशी सुट्टी झाली होती, मी म्हटलं. त्यांचं बिल आधी निघालं होतं.

“म्हणजे त्यांच्यात हे चार कमी लागलेत.” बाबा पान उलटायचं थांबले. “आणि त्यांच्यात दुसऱ्या कुणाचं काय लागलं होतं?”

मी त्या मुलाच्या पिशवीशेजारी दोन तास बसलो होतो. त्याचं बिल पिशवीवरच होतं, घडी घातलेलं. लाल पेन्सिल माझ्या खिशात होती.

बाबांनी पान उलटलं.